ऑक्टाव्हिया आरएसचा ब्लॉक आणि उद्यमनगरातलं मशीन शॉप

माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मूळ सांगाडा, दोनदा मशीनवर चढला. पहिल्या कामानंतर ४,००० किलोमीटरच्या आत सायलेन्सरमधून निळा धूर, म्हणजे जळणाऱ्या ऑइलचा, यायला लागला. दुसऱ्या कामाला आता ११,००० किलोमीटर झालेत आणि दोन सर्व्हिसच्या मधे ऑइलची पातळी काडीवर जेमतेम हलते. हे लिहितोय ते दुसरं काम करणाऱ्या शॉपबद्दल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. तिघांचं शॉप, हातात आहे तेच काम उरकत नाही, म्हणून मेस्त्रींनी नाव लिहू नका असं बजावलंय. त्यांचा शब्द मोडणार नाही. पण टर्बो गाडीचा ब्लॉक कुणाच्या हातात द्यायचा, हे ठरवायला मला एक वर्ष, पिस्टनचा एक अख्खा सेट आणि सव्वा लाख रुपये लागले. दुसऱ्या कुणाचे तरी ते वाचावेत.

मी इचलकरंजीचा. घरचे माग आहेत, त्यामुळे लेथ, बुश, क्रँक हे शब्द लहानपणापासून कानावर. गाडी २००५ ची, लाल. भारतात ही आरएस २००४ साली आली, १.८ लिटरचं २० व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस. माझ्या आधीच्या मालकांनी मोठा टर्बो बसवून रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून घेतला होता. गाडी २,००० आरपीएमच्या आसपासच अशी झेप घ्यायची की सीटला पाठ चिकटायची. मला ते फार आवडायचं. पुढे कळलं की पिस्टनला क्रँकशी जोडणारे रॉड वाकतात ते नेमके तिथंच. इतक्या कमी आरपीएमला पूर्ण बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) मिळाला की पिस्टन सावकाश खाली जात असतो, दाब मात्र पूर्ण असतो, आणि तो सगळा भार कनेक्टिंग रॉडवर येतो. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, चांगला दणकट. कंपनीचे रॉड मात्र बारीक. आंबा घाटात एका वळणावरून चौथ्या गिअरमध्ये रेस दिली आणि खडखड सुरू झाली. तीन नंबरचा रॉड वाकला होता, पिस्टनने बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं गोल भोक, ओरबाडला होता. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला नाही हे नशीब.

दुसरं इंजिन घे, मुंबईत भंगारात मिळतं, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि आरसी बुकातही असतो. ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते, आणि भंगारातल्या इंजिनाची कागदपत्रं कुठून आणायची? शिवाय तो ब्लॉक किती तापलेला, किती पिळवटलेला, देव जाणे. आपलाच ब्लॉक वाचवायचा असं ठरवलं. फोर्ज्ड (घडीव) रॉड आणि फोर्ज्ड पिस्टन बाहेरून मागवले.

पहिलं काम जिथं केलं त्या शॉपचं आणि गावाचं नाव घेत नाही. माणसं वाईट नव्हती. ट्रॅक्टर, जीप, पंपाची इंजिनं रोज करणारी, हात बसलेला. पिस्टन यायच्या आधीच त्यांनी ८१ मिलिमीटरचा बोअर ८१.५ ला करून ठेवला. "साइज स्टँडर्ड असते, काळजी करू नका." मला तेव्हा ते खरंच वाटलं. त्यांच्याकडे पोर्टेबल बोरिंग बार होती. ती ब्लॉकच्या वरच्या फेसवर बसवून आवळायची आणि खाली बोअर करत जायचं. म्हणजे फेस जसा असेल तसा बोअर. फेस क्रँकच्या रेषेला समांतर नसेल, तर चारही बोअर तेवढेच तिरके. फेस कुणी तपासला नव्हता.

धूर आल्यावर इंजिन पुन्हा उतरवलं आणि मग मी तीन ठिकाणी फिरलो.

एका मोठ्या शहरातल्या शॉपमध्ये ब्लॉक बघायच्या आधीच सांगितलं, चारही सिलिंडरला नव्या स्लीव्ह (बोअरमध्ये ठोकायच्या नळ्या) टाकू, एकदम मजबूत. आपल्याकडे इंजिन मजबूत करायचं म्हणजे स्लीव्ह, असंच डोक्यात बसलंय. जुन्या डिझेल इंजिनांना ते बरोबरही होतं. या ब्लॉकचं गणित वेगळं आहे. दोन सिलिंडरच्या मध्यांमधलं अंतर ८८ मिलिमीटर. बोअर ८१ चा, म्हणजे दोन बोअरच्या मधे बीड उरतं ७ मिलिमीटर. तिथं बाहेरून दोन-दोन मिलिमीटरची स्लीव्ह बसवायची तर दोन्हीकडून बीड खरवडावं लागणार, आणि हेड गास्केट जिच्यावर बसून आग थोपवतं ती पट्टी तीनेक मिलिमीटरवर येणार. ब्लॉकचं मूळ हाडच कापायचं, याला मजबूत करणं कसं म्हणणार? भिंत फुटली असेल, तडा असेल, तर स्लीव्हला पर्याय नाही हे मान्य. चांगल्या ब्लॉकला नुसत्या सवयीने स्लीव्ह टाकणाऱ्याकडून मी परत निघालो.

दुसऱ्या एकाने वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी) अर्ध्यापर्यंत सिमेंटसारख्या मिश्रणाने भरू म्हणून सांगितलं. त्यानं सिलिंडर हलत नाहीत ही गोष्ट खरी. ड्रॅगची गाडी असेल, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर काही सेकंद पळून थांबणारी, तर तिला चालेल. माझी गाडी एप्रिलमध्ये बायको-मुलांना घेऊन घाट चढते. खालच्या अर्ध्या सिलिंडरला पाणीच लागणार नसेल, तर ती उष्णता ऑइलने न्यायची. नको म्हटलं.

तिसरे बेळगावचे. त्यांनी ब्लॉक उलटापालटा करून पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) आमच्याकडे नाही, या कामाला ती लागते, आम्ही घेतलं तर तुमचं नुकसान करू. चहा पाजून परत पाठवलं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. उद्यमनगरातल्या मेस्त्रींचं नाव त्यांनीच सुचवलं.

उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: फडतरे मिसळीला लोक याच भागात येतात. त्या गर्दीतून पुढं गेलं की एकेका पत्र्याच्या शेडमध्ये लेथ, शेपर, ग्राइंडर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये देशभरच्या गाड्यांचं बीड ओतलं जातं, तेव्हा बिडाची जाण असलेली माणसं या गावात पिढ्यान्पिढ्या आहेत. मेस्त्री साठीचे. खाकी शर्ट, खिशात सहा इंची पट्टी. मी टेम्पोतून ब्लॉक उतरवला तर त्यांनी पहिलं विचारलं,

"पिस्टन कुठायत?"

"मागवलेत, यायचेत अजून."

"मग ब्लॉक हितं ठिवून मी काय करू? पिस्टन आलं की या. पिस्टन मापल्याबिगर बोअरला हात लावायचा न्हाई."

तिथंच माझं ठरलं.

पिस्टन आल्यावर मार्चमध्ये परत गेलो. दुपारचे दोन, टेम्पोत ब्लॉक तापलेला. मेस्त्रींनी हात लावला आणि म्हणाले, आज मापत नाही, उद्या सकाळी या. मला आधी तो वेळकाढूपणा वाटला. मग घरी गणित करून पाहिलं. बीड दर डिग्रीला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. ८१ मिलिमीटरचा बोअर १० डिग्री जास्त तापला की ९ मायक्रॉनचा फरक. आणि आमचं सगळं भांडण १० मायक्रॉनचंच चाललेलं. रात्रभर ब्लॉक, पिस्टन आणि गेजचं माप जुळवायची रिंग एकाच टेबलावर राहिली, सकाळी आठला मोजणी सुरू झाली.

आधी पहिल्या कामाचा पंचनामा. क्रँक ज्यात फिरतो त्या मेन बेअरिंगच्या पाचही गाळ्यांतून त्यांनी एक ग्राइंड केलेली सरळ शाफ्ट घातली, ती सरफेस प्लेटवर दोन व्ही ब्लॉकवर ठेवली आणि फेसच्या दोन टोकांवर डायल फिरवला. पुढच्या आणि मागच्या टोकात ११० मायक्रॉनचा फरक. मग बोअर. पिस्टनच्या कागदावर कंपनीने ८० मायक्रॉनची क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) सांगितलेली. दोन नंबरला निघाली ५०, चार नंबरला ११०. ज्या दोन सिलिंडरमध्ये मला सगळ्यात जास्त ऑइल दिसलं होतं, तेच दोन. मेस्त्री त्या शॉपबद्दल एक शब्द वावगा बोलले नाहीत. आकडे बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून माझ्यापुढे सरकवले, एवढंच.

आता ८२ ला जायचं होतं. म्हणजे मधली पट्टी ६ मिलिमीटर. फोक्सवॅगनने याच ८८ च्या अंतरावर २ लिटरची इंजिनं ८२.५ च्या बोअरने बनवली आहेत, तेव्हा ती मला धोक्याची वाटली नाही. बाहेरच्या भिंतींचं काय, हा प्रश्न होता. ओतकामात कोअर (आतली पोकळी ठेवणारा साचा) जरा सरकला तर एका बाजूची भिंत पातळ निघते आणि वरून बघून काही कळत नाही. मेस्त्रींचा पुतण्या शिरोलीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. तो संध्याकाळी ड्युटी संपवून अल्ट्रासॉनिक जाडीमापक घेऊन आला. त्याने सगळ्यात आधी भंगारातल्या एका ब्लॉकचा तुकडा काढला, त्याची जाडी मायक्रोमीटरने मोजली आणि त्यावर यंत्र जुळवून घेतलं. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो, बिडात त्याहून बराच सावकाश, आणि बिडाच्या जातीप्रमाणे आणखी फरक. पोलादावर जुळवलेलं यंत्र बिडाची भिंत आहे त्यापेक्षा जाड दाखवतं. पातळ भिंतीला जाड समजून बोअर करत गेलं की काय होईल! हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. चार नंबरची बाहेरची बाजू ४.९ मिलिमीटर, बाकी सगळीकडे साडेपाचच्या वर. ८२ ला जाता येतं, ८३ चा विचार करू नका, असं दोघांनी स्वच्छ सांगितलं.

टॉर्क प्लेट मी स्वतः बनवून घेतली. इचलकरंजीत आमच्या मागाचे पार्ट करणारे एक टर्नर आहेत, त्यांच्याकडून ५० मिलिमीटर जाडीची ईएन-८ पोलादाची पाटी, चार मोठी भोकं, दहा बोल्टची भोकं, दोन्ही बाजू ग्राइंड. १९ किलो भरली. हेडच्या जागी ही प्लेट ठेवायची, पुढे जे गास्केट वापरणार त्याच जातीचं गास्केट मधे घालायचं, जे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) वापरणार तेच स्टड तेवढ्याच ताकदीने आवळायचे, आणि मग आतून होनिंग (दगडांनी घासून अंतिम माप आणणं) करायचं. हेड आवळलं की ब्लॉक पिळवटतो. तो पिळवटलेल्या अवस्थेत गोल केला, तरच गाडी चालताना गोल राहतो.

हे सगळं मी वाचलेलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा तिथं पाहिलं. प्लेट नसताना मेस्त्रींनी एक नंबरच्या बोअरमध्ये गेज उतरवला आणि हळूहळू फिरवला. काटा दोन-तीन मायक्रॉनच्या आतच थरथरत होता. मग प्लेट ठेवली, स्टडवर कंपनीने दिलेलं ल्युब्रिकंट ब्रशने लावलं, तीन टप्प्यांत टॉर्क रेंच टकटक वाजला. गेज पुन्हा आत. वरच्या कडेपासून साधारण बोटभर खाली काटा एका बोल्टपाशी आला की पुढे सरकायचा, मधे आला की मागे, पुन्हा बोल्टपाशी पुढे. एका फेरीत चार वेळा. एकूण २२ मायक्रॉन. एकेका सिलिंडरभोवती चार बोल्ट, आणि चारही जणांनी त्याला आपापल्याकडे ओढलेलं.

"बघा की," मेस्त्री म्हणाले, "आवळला की गोल चौकोनी हुतोय. आन लोक म्हंत्यात रिंगा खराब निघाल्या."

मी तो काटा किती वेळ बघत बसलो होतो कोण जाणे. माझा सव्वा लाखाचा धूर त्या २२ मायक्रॉनमध्ये आणि आधीच्या ११० मध्ये होता.

मेन बेअरिंगच्या बोल्टच्या जागी एआरपी कंपनीचे स्टड घातले. इथं बरेच जण फसतात, कारण स्टड नुसते बदलून चालत नाही. जास्त ताकदीने आवळलेली कॅप (बेअरिंगच्या गाळ्याचा सुटा अर्धा भाग) गाळ्याचा आकार बदलते. म्हणून कॅपच्या बसायच्या कडा किंचित घासून, नव्या स्टडने आवळून, पाचही गाळे एका रेषेत पुन्हा होन करावे लागतात. मेस्त्रींकडे लाइन होनिंगचं जुनं मशीन आहे. ते काम त्यांनी सगळ्यात आधी केलं, मग त्या रेषेवरून फेस घेतला, आणि मग फेसवरून बोअर. आधी क्रँकची रेषा, तिच्यावरून बाकी सगळं. मला विचाराल तर हा क्रम शॉपला विचारून बघा. पहिलं काय करणार, असा साधा प्रश्न. बोअर करतो असं उत्तर आलं तर ब्लॉक गाडीतून उतरवूच नका.

चारही पिस्टन कागदावर सांगितलेल्या उंचीवर मोजले गेले. दोन पिस्टनमध्ये ५ मायक्रॉनचा फरक निघाला, म्हणून प्रत्येक बोअर त्याच्या-त्याच्या पिस्टनसाठी वेगळा केला आणि पिस्टनवर मार्करने नंबर घातला. होनिंगला तीन जातीचे दगड, शेवटी ब्रश. प्लेट लावून अंतिम मोजणी झाली तेव्हा वर, मधे, खाली, सगळीकडून गोलाई ५ मायक्रॉनच्या आत. तो पेन्सिलीचा कागद मी फाइलला लावून ठेवलाय.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. १५ दिवसांचा वायदा होता, ३८ दिवस लागले. साखर कारखान्यांचा हंगाम संपत आलेला, पंप आणि गिअरबॉक्सच्या शाफ्ट घेऊन कारखान्याचा माणूस दारात उभा राहिला की गाडीवाल्यांचं काम मागे पडतं. फोन उचलत नाहीत, जाऊनच यावं लागतं. मी आठ खेपा मारल्या. काम सुरू झालं की मात्र मेस्त्री इकडचं तिकडं करत नाहीत.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. धुण्याची सोय अपुरी आहे. होनिंगनंतर ब्लॉक रॉकेलने धुऊन, हवा मारून माझ्या ताब्यात दिला. दिसायला लखलखीत. पण दगडांची बारीक पूड होनिंगच्या रेघांमध्ये अडकून बसते आणि रॉकेलने निघत नाही. घरी आल्यावर मी पांढरं सुती कापड ऑइलमध्ये भिजवून बोअरमधून फिरवलं, राखाडी निघालं. मग मी आणि माझा पुतण्या अंगणात बसलो. गरम पाणी, कपड्याची पावडर, नायलॉनचे ब्रश. ऑइल गॅलरीचे प्लग मी आधीच काढून घेतले होते, पिस्टनखालचे ऑइल जेटही काढलेले होते, त्यामुळे प्रत्येक वाटेतून बंदुकीच्या नळीचा लांब ब्रश घालता आला. पाचव्या धुण्याला कापड पांढरं निघालं. लगेच कोरडं करून ऑइल फासलं, नाहीतर बिडाला तासाभरात गंज चढतो. हे काम शॉपने करायला हवं, आणि मेस्त्रींना मी तसं सांगितलंही. पुढच्या वेळी बघू म्हणाले. तुम्ही तिथं काम दिलंत तर धुणं तुमच्या अंगावर आहे असं धरून चला.

पैसे: लाइन होनिंग, फेस, चार बोअरचं बोरिंग आणि होनिंग मिळून १९,५०० रुपये. प्लेट बनवायला मला वेगळे १४,००० लागले. जाडी मोजायचे पुतण्याने घेतले नाहीत. मिसळ खाऊ घातली.

इंजिन जोडलं माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या अर्ध्या बारच्या आत आलं. मॅपही बदलून घेतला. आता पूर्ण बूस्ट ३,००० आरपीएमच्या पुढे मिळतो, त्याआधी गाडी शांतपणे चढते. ती पाठ सीटला चिकटवणारी झेप गेली आणि मला तिची आठवणही येत नाही. गेल्या महिन्यात त्याच आंबा घाटात, त्याच वळणावर चौथ्यात रेस दिली, मुलगा शेजारी बसलेला. आरशात पाहिलं, मागचा रस्ता स्वच्छ होता.

मेस्त्रींकडे जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, पिस्टन आणि त्यांचा कागद बरोबर न्या, आणि शक्यतो साखरेचा हंगाम टाळा. जून-जुलैमध्ये हात जरा मोकळा असतो. उद्यमनगरात कुणालाही लाइन होनिंगचं जुनं मशीन कुठं आहे विचारलंत तर शेड दाखवतील. माझी प्लेट मी त्यांच्याकडेच ठेवून आलोय, भिंतीला टांगलेली आहे. १.८ टर्बोचा ब्लॉक घेऊन कुणीही आलं तर वापरायला द्या, त्याचं भाडं घेऊ नका, असं सांगून ठेवलंय.